लाकूड घासण्याची यंत्रे

लाकूड घासण्याची यंत्रे : कापून व रंधून तयार केलेल्या लाकडाचा पृष्ठभाग अपघर्षक (घासून झिजविणाऱ्या) कणांच्या साहाय्याने समतल व गुळगुळीत करणाऱ्या विद्युत् चलित यंत्रांना ही संज्ञा देतात. सुतारांच्या व्यवहारात या क्रियेस ‘पेपर मारणे’ असे म्हणतात. मोठ्या कारखान्यांत यासाठी रुंद पट्ट्याची स्थिर यंत्रे असतात. लहान व मध्यम सुतारशाळांत मात्र हातात धरून चालवावयाची यंत्रेच वापरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे हातयंत्रांचा आणि त्यांतील उच्च दर्जाच्या, महाग यंत्रांमधून निवड कशी करावी याचा विचार केला आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे महत्त्व सर्वाधिक असेल, तर ते चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत. (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता.) येथील साग जुन्या मध्य प्रांताच्या नावावरून व्यापारात आजही ‘सी. पी. टीक’ म्हणून ओळखला जातो. आलापल्लीजवळील ‘वनवैभव’ या जुन्या सागवनाच्या राखीव पट्ट्यास २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. बल्लारपूर येथे महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे (स्थापना १९७४) इमारती लाकडाचे मोठे आगार आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये येथूनच साग पाठविण्यात आला. दारे घडविण्याचे काम मात्र परप्रांतीय कारागिरांनी केले. बल्लारपूर–गोंदिया लोहमार्गावरील नागभीड हे प्रस्थानक आणि ब्रह्मपुरी, मूल, वडसा यांसारखी गावे या वनपट्ट्यातील लाकूडकामाची नैसर्गिक ठिकाणे होत. दारे-चौकटी, पलंग, दिवाण, देव्हारे आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी हा येथील सुताराच्या कामाचा नेहमीचा पसारा. सागाची किंमत त्याच्या रंगावरून व रेषांवरून ठरते, आणि या दोन्ही गोष्टी अखेरीस डोळ्यांना दिसतात त्या घासलेल्या पृष्ठभागावर. घासण्यात झालेली चूक पॉलिशने झाकली जात नाही, उलट उठून दिसते.

इतिहास : लाकूड घासण्यासाठी माणसाने प्रथम निसर्गातील खरखरीत वस्तूच वापरल्या. शार्क माशाचे कातडे पुष्कळ देशांत वापरात होते. भारतात प्राजक्ताची पाने लाकूड व हस्तिदंत घासण्यासाठी वापरीत. पानाच्या पाठीवर हात फिरविला म्हणजे याचे कारण कळते. चूर्ण केलेली काच किंवा क्वॉर्ट्‌झ सरसाने कागदावर चिकटविण्याचा व्यवसाय १८३० नंतर इंग्लंडमध्ये व अमेरिकेत स्थिरावला. मराठीतील ‘काचकागद’ हा शब्द त्या काळाची आठवण होय. एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये विद्युत् भट्टीत सिलिकॉन कार्बाइड (कार्बोरंडम) तयार केले आणि नैसर्गिक कुरुंदाची जागा कृत्रिम अपघर्षकांनी घेण्यास प्रारंभ झाला. भारतात मुंबईनजीक उरणजवळील मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेल आणि मद्रास येथे १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल हे अपघर्षकांचे उद्योग सुरू झाले.

हातात धरून वापरावयाचे, पट्ट्यावर चालणारे विद्युत् यंत्र अमेरिकेतील पोर्टर-केबल या कंपनीने १९२६ मध्ये बाजारात आणले. मागे-पुढे हलणारी व वर्तुळाकार कंप पावणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. आज ज्या प्रकाराने इतरांना मागे सारले आहे, तो म्हणजे यदृच्छ कक्षीय (अनियत मार्गाने फिरणारे) यंत्र होय.

प्रकार व कार्य : कोणतेही घासयंत्र समजून घ्यावयाचे, तर त्याच्या चलित्राची शक्ती किती वॉट आहे हे प्रथम पाहू नये; अपघर्षक कण लाकडावर कोणत्या मार्गाने व किती वेगाने जातो, हे पाहावे. ओरखड्याचा आकार, निघणाऱ्या भुकटीचे प्रमाण, लाकूड तापणे वा करपणे या सर्व गोष्टी त्यावरून ठरतात.

पट्ट्याच्या यंत्रात अपघर्षक कापडाचा अखंड पट्टा दोन रुळांवरून एकाच दिशेने धावतो. १०० मिमी. रुंदीच्या पट्ट्याच्या यंत्रात हा वेग सामान्यतः मिनिटाला २०० ते ५०० मी. असतो व यंत्राचे वजन ५ किग्रॅ.च्या आसपास असते. सर्व ओरखडे सरळ व समांतर पडत असल्याने रेषेच्या दिशेने चालविल्यास ते लपतात. तिरके चालविल्यास मात्र काढता काढत नाहीत. जोडफळ्यांच्या पाट्या समतल करण्यास हे यंत्र उत्तम. परंतु क्षणभर एका जागी थांबले तर खड्डा पडतो. ज्या सुताराचा रंधा नीट धार लावलेला आहे, त्याला या यंत्राची गरज क्वचितच भासते.

चौकोनी किंवा त्रिकोणी बैठकीची कंपनशील यंत्रे कोपऱ्यांत व चौकटीच्या आतील बाजूस उपयोगी पडतात. त्यांची बैठक फिरत नाही, केवळ २ ते ३ मिमी. व्यासाच्या लहान वर्तुळात थरथरते. काम मंद, पण सांधे व कडा सुरक्षित राहतात.

यदृच्छ कक्षीय यंत्रात गोल बैठक (बहुधा १२५ किंवा १५० मिमी. व्यासाची) चलित्राच्या दंडावर सरळ न बसविता उत्केंद्री (मध्यापासून सरकविलेल्या) खुंटीवर मोकळ्या धारव्याने बसविलेली असते. दंड फिरला की सबंध बैठक लहान वर्तुळात झोके घेते. शिवाय धारव्यातील घर्षणामुळे ती स्वतःभोवतीही सावकाश फिरू लागते. या दोन गतींच्या संयोगामुळे कोणताही कण पूर्वीच्या मार्गाने पुन्हा जात नाही आणि ओरखडे कोणत्याही एका दिशेने जुळून दिसत नाहीत. रेषेला आडवे फिरविले तरी चालते, हा या यंत्राचा मोठा गुण. दरवाजाच्या चौकटीत जेथे उभ्या व आडव्या फळ्या मिळतात तेथे याचे मोल कळते.

झोक्याच्या वर्तुळाच्या व्यासास कक्षाव्यास म्हणतात. तो ५ मिमी. असून दंड मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर कणाचा मार्ग मिनिटाला सु. १५७ मी. भरतो; ३ मिमी. कक्षाव्यासासाठी तो सु. ९४ मी. होतो. म्हणजे ५ मिमी.चे यंत्र अधिक लवकर झिजविते, तर ३ मिमी. किंवा त्याहून कमी कक्षाव्यासाचे यंत्र सूक्ष्म पृष्ठभाग देते. एकच यंत्र घ्यावयाचे असल्यास ५ मिमी.चे घ्यावे, बारीक कागद लावून त्यावर अखेरचे कामही समाधानकारक होते, याउलट लहान कक्षेच्या यंत्राने रंध्याच्या खुणा काढणे हे वेळखाऊ काम आहे.

बैठक मोकळी फिरत असल्याने यंत्र हवेत उचलले की ती चलित्राच्या वेगाने भिरभिरू लागते आणि तशीच लाकडावर टेकविली तर गोल चरा उमटतो. हे टाळण्यासाठी रबरी कडीचा गतिरोधक असतो. त्याचा दर्जा स्वस्त व महाग यंत्रांत फार भिन्न असतो. उलटपक्षी, यंत्रावर हाताने जोर दिला की बैठकीचे स्वतःभोवती फिरणे थांबते, फक्त झोका उरतो आणि शेपटीसारख्या वळ्यांचे ओरखडे पडतात. काम लवकर उरकावे म्हणून जोर देणे ही सर्वांत सामान्य चूक होय. यंत्राचे वजन व त्यावर नुसता ठेवलेला हात एवढा दाब पुरेसा असतो.

यांशिवाय दंतचक्रांनी बैठक सक्तीने फिरविण्याची सोय असलेली यंत्रे आहेत. जर्मनीच्या फेस्टूल कंपनीने १९८२ मध्ये आणलेले रोटेक्स हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. कळ फिरवून ते सक्तीच्या किंवा यदृच्छ गतीत चालविता येते. जुना रंग व लुकण काढण्यास ते समर्थ आहे, परंतु वजन २ किग्रॅ.हून अधिक असल्याने उभ्या दारावर दिवसभर धरण्यास ते योग्य नाही.

येथे एका प्रचलित पर्यायाचा उल्लेख आवश्यक आहे. अनेक लहान सुतारशाळांत लोखंड घासण्याच्या ग्राइंडरलाच अपघर्षक चकती लावून लाकूड घासतात. १२५ मिमी. व्यासाची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेत असताना तिच्या कडेचा वेग मिनिटाला सु. ४,३०० मी. होतो, म्हणजे वर सांगितलेल्या यदृच्छ कक्षीय यंत्राच्या २७ पट. लाकूड झपाट्याने निघते यात शंका नाही. पण ते करपते, खोल वळ्या पडतात आणि सर्व भुकटी खोलीभर उडते. स्वस्त पडणाऱ्या या साधनाची खरी किंमत पुढे ‘धूळ’ या परिच्छेदात दिसेल.

सागाचे गुणधर्म : लाकूड बदलले की घासण्याची रीत बदलते. सागाचे मध्यकाष्ठ तेलकट असते, त्यात रबरासारखा पदार्थ असतो आणि पेशींमध्ये सिलिका असते. काही नमुन्यांत तिचे प्रमाण शेकडा १ हून अधिक भरते. सिलिकेमुळे पटाशी, करवत व अपघर्षक कण लवकर बोथट होतात. तेलकट भुकटीमुळे कागदावरील कणांच्या मधल्या जागा बुजतात. असा ‘भरलेला’ कागद घासत नाही, नुसता तापतो. म्हणून सागासाठी कण विरळ पसरलेला व वरून धातूच्या स्टिअरेटाचा कोरडा लेप दिलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा कागद घ्यावा. सिलिकॉन कार्बाइड अधिक कठीण असले तरी ठिसूळ असते. ते सीलरच्या किंवा लॅकरच्या थरांमध्ये घासण्यास राखून ठेवावे.

सागाच्या वार्षिक वाढीच्या वलयात प्रारंभीचा भाग सच्छिद्र व मऊ आणि नंतरचा भाग घट्ट असतो. मऊ फोमची बैठक असलेले यंत्र यावर फिरविले तर मऊ भाग अधिक झिजतो, घट्ट भाग उंच राहतो आणि पॉलिशनंतर पृष्ठभाग लाटांसारखा दिसतो. त्यामुळे सपाट सागासाठी बैठक कठीण किंवा मध्यम असावी व मऊ बैठक केवळ गोलाईवर वापरावी. उत्तम यंत्रांना तीन प्रकारच्या बैठका बसविता येतात, ही त्यांची एक मोठी जमेची बाजू. शिवण व हळदू यांचा पोत सारखा असल्याने त्यांच्या बाबतीत हा फरक तितका जाणवत नाही.

कागदाची सूक्ष्मता ‘पी’ या अक्षरापुढील अंकाने दर्शवितात. पी ८० च्या कणाचा सरासरी आकार सु. २०० मायक्रॉन, पी १२० चा १२५, पी १८० चा ८२ व पी २४० चा ५८ मायक्रॉन असतो. नीट रंधलेल्या सागास पी ८० ची गरज नाही. पी १२० पासून आरंभ करून पी १८० वर थांबणे बहुधा पुरे होते. याहून बारीक कागदाने लाकूड चकचकीत दिसते खरे, पण रंगद्रव्य व तेल नीट मुरत नाही. मधला एखादा अंक गाळणे मात्र महाग पडते, कारण जाड कणाचा ओरखडा पुसण्यास बारीक कागदाला दुप्पट वेळ लागतो. शोभेचा पातळ पापुद्रा (व्हिनिअर) लावलेल्या प्लायवूडवर तर विशेष सावधगिरी हवी. हा पापुद्रा अनेकदा अर्ध्या मिमी.चाच असतो आणि ५ मिमी.च्या यंत्राखाली कडेजवळ तो पाहता पाहता फाटून आतील थर उघडा पडतो.

धूळ : एका दाराचे उदाहरण घेऊ. २·१ मी. उंच व ०·९ मी. रुंद दाराच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ सु. ३·८ चौ. मी. होते. त्यावरून केवळ ०·१ मिमी. जाडीचा थर घासून काढला, तर सु. ३८० घ. सेंमी. लाकडाची भुकटी होते. सागासाठी तिचे वजन जवळजवळ पाव किग्रॅ. भरते. यांपैकी शेकडा ९९ भाग खाली बसला किंवा पिशवीत गेला व केवळ शेकडा १ भाग तरंगत राहिला असे मानले, तरी अडीच ग्रॅम सूक्ष्म धूळ हवेत राहते. सुतारशाळा ६ मी. लांब, ५ मी. रुंद व ३ मी. उंच असेल आणि हवा खेळती नसेल, तर दर घ. मीटरमध्ये सु. २७ मिग्रॅ. धूळ होईल. यूरोपीय संघाने २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा दर घ. मीटरला २ मिग्रॅ. ठेवली आहे. एका दाराने ती अनेक पटींनी ओलांडली जाते.

ही मर्यादा कडक का, याचे उत्तर इंग्लंडमधील हाय वायकम या खुर्च्या बनविणाऱ्या गावात मिळाले. १९६० नंतरच्या दशकात तेथील फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा एक अत्यंत विरळ कर्करोग इतरांच्या मानाने कितीतरी अधिक आढळतो, असे डोनल्ड ॲचेसन, एस्थर हॅडफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. (कार्बोरंडमचे शोधक ॲचेसन निराळे, नामसाम्य केवळ योगायोगाचे.) रोग प्रकट होण्यास अनेक दशके लागत असल्याने कारण व परिणाम यांचा संबंध कामगाराच्या ध्यानात येत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. दमा, सततची सर्दी व डोळ्यांची आग हे विकार त्यामानाने लवकर होतात. सागातील लॅपॅकॉल व डीऑक्सिलॅपॅकॉल या द्रव्यांमुळे काहींच्या हातांवर व मानेवर पुरळही उठते.

भारतातील १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या मूळ व्याख्येत विजेचा वापर करणारी व दहा वा अधिक कामगारांची जागा म्हणजे कारखाना होय. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही संख्या वीस केली. नागभीडसारख्या गावातील दोन-चार माणसांची सुतारशाळा दोन्ही व्याख्यांच्या बाहेर राहते. तेथे धुळीची तपासणी करण्यास कोणी येत नाही. म्हणून यंत्र निवडताना घेतलेला निर्णय हाच तेथील कामगाराच्या संरक्षणाचा बहुधा एकमेव उपाय ठरतो.

यंत्राच्या पाठीमागे लावलेली कापडी किंवा कागदी पिशवी दिसणारी भुकटी पकडते, पण न दिसणारी व श्वासाबरोबर खोल जाणारी धूळ तिच्या छिद्रांतून बाहेर पडते. खरा उपाय म्हणजे नळीने जोडलेला स्वतंत्र धूळशोषक. यूरोपीय मानकांनुसार त्यांचे तीन वर्ग आहेत : ‘एल’ वर्गातील गाळणीतून शेकडा १, ‘एम’ मधून शेकडा ०·१ व ‘एच’ मधून शेकडा ०·००५ पर्यंत धूळ निसटू शकते. लाकडासाठी ‘एम’ वर्ग योग्य. घरगुती निर्वात झाडूची गाळणी काही तासांत बुजते आणि ओढ कमी झाल्याचे कळतही नाही. धूळशोषकाच्या आधी चक्री विभाजक बसविल्यास बहुतांश भुकटी पिंपातच पडते व गाळणी दीर्घकाळ टिकते. झाकणाचे पिंप व नळ्या घेऊन तो स्थानिक कारागिराकडून करून घेता येतो. नाकातोंडाला बांधलेला दुपट्टा सूक्ष्म धूळ अडवीत नाही. भारतीय मानक ९४७३ नुसार बनविलेली, चेहऱ्याला घट्ट बसणारी मुखपट्टी वापरावी. तथापि ती शोषणास पूरक आहे, पर्याय नव्हे.

निवड : उच्च दर्जाच्या यंत्रांत फेस्टूल (स्थापना १९२५), फिनलंडची मिर्का (१९४३) व इटलीची रुपेस (१९४७) ही नावे प्रमुख आहेत, बॉश व माकिता यांची यंत्रे मध्यम किंमतीत व अधिक गावांत मिळतात. पहिल्या गटातील यंत्राची किंमत दुसऱ्यातील साध्या यंत्राच्या कित्येक पट असते. या जादा पैशांत काय मिळते?

पहिली गोष्ट चलित्र. कार्बन ब्रश नसलेले, इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचे चलित्र ३५० ते ४०० वॉटचे असूनही यंत्राचे वजन १ ते १·२ किग्रॅ. एवढेच राहते व उंची कमी असल्याने हात लाकडाजवळ असतो. दाबाने किंवा विद्युत् दाब उतरल्याने वेग घसरत नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी जेथे विद्युत् दाब २३० व्होल्टपेक्षा बराच खाली येतो, तेथे हा गुण जाहिरातीतील शब्द राहत नाही. ब्रशच्या साध्या यंत्राचा वेग मंदावून त्याच लाकडावर ओरखडे जाड पडू लागतात. दुसरी गोष्ट कंपन. यूरोपीय नियमांनुसार आठ तासांच्या कामासाठी हाताला बसणाऱ्या कंपनाचे मूल्य २·५ मी./से.² पेक्षा अधिक झाल्यास उपाययोजना करावी लागते व ५ मी./से.² ही कमाल मर्यादा होय. बोटे पांढरी व बधिर होण्याचा विकार दीर्घकाळच्या कंपनानेच जडतो. उत्तम यंत्रातील बैठक व प्रतिवजन नीट तोललेली असल्याने कंपन कमी असते. तिसरी कंपनीची बैठक बसविली की हा तोल जातो. शेवटची व सर्वांत मोठी गोष्ट धूळ ओढण्याची रचना : बैठकीला अनेक छिद्रे, आतील मोकळा हवामार्ग आणि नळीचा घट्ट सांधा. जाळीच्या स्वरूपातील अपघर्षक वापरल्यास हवा सर्वत्र शोषली जाते व भरलेला कागद टाकून देण्याचे प्रमाण लक्षात येण्याजोगे घटते.

यावरून निघणारा व्यवहारी क्रम रूढ समजुतीच्या उलट आहे. महाग यंत्र व पिशवी यांपेक्षा मध्यम किंमतीचे यंत्र व ‘एम’ वर्गाचा धूळशोषक ही जोडी निःसंशय श्रेष्ठ होय. ज्याच्याजवळ मर्यादित रक्कम आहे त्याने प्रथम धूळशोषक, मग १२५ किंवा १५० मिमी.चे एक यंत्र आणि काम वाढल्यावर कोपऱ्यांसाठी त्रिकोणी बैठकीचे यंत्र घ्यावे. रोज चार-पाच तास घासणाऱ्या, पॉलिशचे काम मुख्य असलेल्या कारखान्याला मात्र महाग यंत्राचा भार पेलतो, कारण तेथे वाचणारा वेळ, कागद व हाताचा शीण यांतून किंमत वसूल होते. आठवड्यातून एखादे दार करणाऱ्याने ते घेणे हौस होय.

बैठकीचा व्यास ठरविताना कागदाची उपलब्धता विसरू नये. १२५ मिमी.च्या बैठकीस आठ छिद्रांचा कागद सर्वत्र मिळतो, १५० मिमी.ची छिद्ररचना कंपनीगणिक वेगळी असते. छिद्रे जुळली नाहीत तर शोषण निम्म्याहून कमी होते व सगळे गणित बिघडते. नागपूर येथून सु. १०० किमी. दूर असल्याने बैठक, कागद व ब्रश यांचा साठा जवळ ठेवणे भाग पडते, आणि दुरुस्तीसाठी यंत्र पाठविले तर काम अडते. म्हणून कंपनीचे सेवाकेंद्र कोठे आहे व सुटे भाग किती दिवसांत येतात, हा प्रश्न वॉट व फेरे यांच्या आधी विचारावा. विजेरीवर चालणारी यंत्रे भारनियमनात मोहक वाटतात. परंतु १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांच्या विजेरीत ९० वॉट-तास ऊर्जा असते; सरासरी १५० वॉट खर्च धरल्यास ती अर्ध्या तासाच्या थोडीच पुढे जाते. घरी जाऊन दार बसविताना कडा घासण्यास ती ठीक. सुतारशाळेतील मुख्य यंत्र म्हणून नव्हे.

वक्र पृष्ठभाग : तान्ह्या पोळ्यासाठी बनविलेल्या लाकडी नंदीचे वशिंड, गळ्याची पोळी व पायांमधील खोबण यांवर सपाट बैठकीचे कोणतेही यंत्र पुरे पडत नाही. ग्राइंडरने स्थूल आकार काढण्याची प्रथा आहे, पण त्याने वशिंडावर सपाट चट्टे पडतात व ते पॉलिशखाली चमकतात. येथे कानशीने आकार आणून बैठक व कागद यांच्यामध्ये फोमची १० मिमी. जाड चकती घालावी, वेग निम्म्यावर आणावा आणि खोबणीत हातानेच कापडी पट्टी ओढावी. पळस व कुसुम या झाडांवरील लाखेपासून केलेले पॉलिश पातळ थरांत बसते आणि उणीव चटकन दाखविते; त्यामुळे लाखेच्या पॉलिशआधी ओल्या फडक्याने लाकूड पुसून तंतू उभे राहू द्यावेत, वाळल्यावर पी १८० ने पुन्हा हलका हात फिरवावा. हाताच्या या शेवटच्या कामाला सर्वांत महाग यंत्रही पर्याय देत नाही.

निगा : बैठकीवरील आकड्या-फाशांची पट्टी उष्णतेने वितळते, जोर देऊन चालविलेल्या यंत्रात ती प्रथम कडेला गुळगुळीत होते व कागद उडून जाऊ लागतो. तेव्हा बैठक बदलावी. गतिरोधकाची रबरी कडी झिजली की यंत्र टेकविताच चरा पडतो. हा सुटा भाग स्वस्त आहे. धारव्यात सागाची तेलकट भुकटी साचून आवाज बदलतो, म्हणून दर आठवड्यास यंत्र बाहेरून आत अशी हवा न मारता शोषकानेच स्वच्छ करावे. पावसाळ्यात कागद ओल धरून वळतो. तो सपाट दाबून, झाकणाच्या डब्यात ठेवावा. पिंपात साठलेली बारीक भुकटी जाळण्यासाठी चुलीत ओतू नये, कारण हवेत उधळलेली कोरडी धूळ स्फोटासारखी पेट घेते. तसेच जवसाचे तेल लागलेली फडकी तिच्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून काही तासांनी पेटतात. अशी फडकी मोकळ्या जागी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.